खुसपटशेठची पसंती

माझ्या काकाला एखादी गोष्ट मनापासून आवडली, की तो तिला नावं ठेवायला लागतो. जितकी आवड मोठी, तितकी नावं जास्त. न आवडलेल्या गोष्टीचं मात्र तोंडभरून कौतुक करतो आणि हात हलवत घरी येतो.

हा त्याचा धंदाच आहे. काका जुन्या मोटारी विकत घेतो, ठाकठीक करतो आणि विकतो. एखाद्या गाडीवर त्याचा जीव जडला, की तो चेहरा पाडून तिच्याभोवती फिरतो. "अरेरे! इथे गंज. इथे खड्ड्यात लांबी भरून वर रंग मारलाय. क्लच तर गेल्यातच जमा. आणि ह्या दाराला काय झालं, रुसून बसलंय का?" विकणाऱ्याचा चेहरा पुरता उतरला, की काका मोठा उसासा टाकून म्हणतो, "आता एवढा आलोच आहे, तर नेतो बापडीला." आणि गाडी भंगारात काढण्याच्या लायकीची असली, तर? "झकास! अहो, अशी गाडी आता बघायला मिळत नाही. विकू नका, सांभाळून ठेवा." विकणारा खूश आणि काका मोकळा.

वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे ती जीभ आता धंद्यापुरती राहिलेली नाही, घरीदारी तीच चालते. त्यामुळे आमच्याकडे सगळे त्याला खुसपटशेठ म्हणतात, अगदी तोंडावर, आणि तोही ओ देतो. काकू लग्नाआधी सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असायची. काका रोज नटबोल्ट आणायला जायचा आणि तिच्या अक्षराला, हसण्याला, अगदी तिच्या डबा उघडायच्या पद्धतीलाही नावं ठेवायचा. तिचे वडील लाकडाच्या बाजारातले दलाल. त्यांनी एक दिवस कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "जावई मिळाला." मी शालान्त परीक्षा पास झाले तेव्हा काकाने माझी गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरली, "भूगोलात हे काय दिवे लावलेस?" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी मला मनगटी घड्याळ आणून दिलं. माझ्या मैत्रिणीला "वा, वा, हुशार आहेस" म्हणाला. तिला काहीच मिळालं नाही.

काकाची शेड मोठ्या रस्त्याला लागून आहे. आत त्याचं ऑफिस, म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि पाहुण्यांसाठी भिंतीला टेकवून ठेवलेली, मोडीत निघालेल्या गाडीची मागची सीट. तिच्यावर बसलेला माणूस इतका खाली जातो, की उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. "गिऱ्हाईक बसलं की बसलंच पाहिजे," असं काकाचं म्हणणं.

ह्या सगळ्या नावं ठेवण्यात सगळ्यात जास्त नावं त्याने ठेवली ती आमच्या फुटबॉल क्लबला. त्यावरून काय ते समजा.

माझे बाबा आणि काका लहानपणापासून मैदानाच्या एकाच कठड्याला टेकून सामने बघत आले. बाबा गेल्यावर काका एकटाच टेकतो, पण शेजारची जागा रिकामी ठेवून. कुणी तिथे उभं राहायला आलंच, तर "अहो, तिकडून छान दिसतं" म्हणून गोड बोलून पिटाळतो. क्लब मात्र एकेक गट खाली घसरत अगदी तळाला येऊन बसला होता. ह्या हंगामातही शेवटचा आला, तर स्पर्धेतून नाव कटणार आणि मैदानाच्या जागी गोदाम उभं राहणार, हे ठरल्यातच जमा होतं. काका ह्यावर बोलायचा नाही. पण त्याचे रविवार गेले, तर हा माणूस काय करील, हा विचार माझी पाठ सोडायचा नाही. काकू जास्त स्पष्ट बोलायची. "मैदान गेलं, तर हा दिवसभर माझ्यामागे फिरून मलाच नावं ठेवील. एवढं प्रेम मला ह्या वयात झेपायचं नाही."

अशा वेळी क्लबला नवे अध्यक्ष मिळाले. गृहस्थ बाहेरून आलेले, गाद्यांचे कारखानदार. मनाने फार चांगले, पण आमच्या माणसांची ओळख नाही. आल्याआल्या त्यांनी समितीतल्या प्रत्येकाला एकेक उशी भेट दिली आणि जाहीर केलं, की जुना प्रशिक्षक गेलाच आहे, तर आता परदेशी प्रशिक्षक आणायचा. समिती चौघांची. अध्यक्ष, काका, बेकरीवाले आणि निवृत्त पोस्टमास्तर. ज्यांनी क्लब काढला त्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळे प्रशिक्षक नेमायचा, तर चौघांचं एकमत लागेल असा नियम त्यांनी करून ठेवलाय.

माणूस पारखायचं काम अर्थातच काकाकडे आलं. आणि दुभाषी म्हणून मी. मी एका जहाज कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं वाचून साहेबांना समजावून सांगते. सगळी पत्रं तक्रारींची असतात. त्यामुळे काकाचं बोलणं त्या भाषेत सांगायला माझ्याइतकं तयार माणूस दुसरं कुणी नव्हतं.

पहिला उमेदवार आला तो गुळगुळीत छापलेलं माहितीपत्रक घेऊन. पानापानावर त्याचाच फोटो, प्रत्येक फोटोत बोट कुठेतरी लांब दाखवणारं. काका दिवसभर त्याच्याबरोबर हिंडला आणि बैठकीत म्हणाला, "काय माणूस आहे! काय दात! काय बोलणं! सोनं आहे सोनं." अध्यक्ष आनंदाने खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात बेकरीवाले आणि पोस्टमास्तर एका सुरात म्हणाले, "मग नको." आणि काकानेही नकारासाठी हात वर केला. दुसऱ्या उमेदवाराच्या वेळी तर काकाने "असा माणूस शोधून सापडायचा नाही" म्हटलं, तेव्हा पोस्टमास्तरांनी त्या उमेदवाराला स्टेशनवर सोडायला रिक्षाच बोलावून ठेवली. अध्यक्षांनी मला बाहेर गाठलं. "ह्या दोघांचा तुझ्या काकांवर दबाव आहे का गं?" मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना कारखान्यातून फोन आला आणि ते गाडीत बसले.

तिसरा उमेदवार एक बॅग घेऊन आला. उंच, पाठीत किंचित वाकलेला, मिशा पांढऱ्या, बूट जुने पण चकचकीत. माहितीपत्रक नव्हतंच. काकाने त्याला शेडमध्ये आणून सीटवर बसवलं. तो खाली गेला आणि गुडघे त्याच्या हनुवटीपाशी आले.

"पाय वर कर म्हणावं," काका मला म्हणाला.

"काका, काहीतरीच काय!"

"अगं, टायर बघू दे."

मी सांगितलं. कोचने निमूटपणे दोन्ही पाय वर केले. काकाने वाकून बुटांचे तळवे पाहिले. "दोन्ही सारखे झिजलेत. हं." मग विचारलं, "आधीच्या मालकाने का काढलं?"

मी त्या भाषेत जमेल तितकं सभ्य करून विचारलं. कोच म्हणाला, "अध्यक्षाच्या जावयाला गोलकीपर व्हायचं होतं. मी केलं."

"मग?"

"तो चेंडू आला की बाजूला सरकायचा. त्याला वाटायचं, जाऊ देणं हाच सभ्यपणा. हरलो. मग त्यांनी एकाला काढायचं ठरवलं. जावयाला काढता येत नव्हतं."

काकाच्या ओठाचा कोपरा हलला. मी ते पाहिलं. पण तो लगेच म्हणाला, "उतार चढवून बघू."

शेडच्या मागे टेकाडावर पाण्याची टाकी आहे. कुठलीही गाडी घ्यायची असली की काका ती तिथवर चढवतो. त्याने चेंडूंनी भरलेली जाळी कोचच्या पाठीवर दिली आणि स्वतः मागून कान देत निघाला. मध्येच मला म्हणे, "श्श, ऐकू दे." कोच न थांबता वर गेला, टाकीला टेकला आणि मला विचारलं, "तुमचे काका डॉक्टर आहेत का?"

"नाही, जुन्या गाड्यांचे व्यापारी."

"अच्छा," तो म्हणाला. एवढंच. उलट त्याला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

संध्याकाळी मैदानावर सराव. आमच्या संघाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे खेळाडू वाईट नाहीत, पण ते बोलतात. दिवसभर कुणी दुकानात, कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत गप्प बसलेले असतात, आणि मैदानात उतरले की सगळ्यांना एकदम कंठ फुटतो. प्रत्येक जण प्रत्येकाला काय करायचं ते सांगत असतो. "इकडे दे!" "तिकडे नको!" "अरे, मागे बघ!" चेंडू कुणाला द्यायचा ह्याचा वाद मिटेपर्यंत समोरच्या संघाने गोल केलेला असतो. आणि ह्या सगळ्यांच्या वर कठड्यावरून काकाचा आवाज.

कोचने थोडा वेळ पाहिलं, थोडा वेळ कान झाकून पाहिलं. मग पाण्याची बादली आणि पेला मागवला. प्रत्येकाच्या तोंडात घोटभर पाणी. गिळायचं नाही, थुंकायचं नाही आणि तसंच खेळायचं.

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. गाल फुगवलेली माणसं डोळे वटारून एकमेकांकडे बघत धावतायत, आणि मैदानावर चकार शब्द नाही. नुसता बुटांचा आवाज. बँकेतल्या कारकुनाने सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्या शर्टावर धबधबा झाला. त्याला पुन्हा पेला. आमचा गोलकीपर दवाखान्यात नावं पुकारायचं काम करतो. त्याला कुणाचे तरी गाल बघून हसू आलं आणि ते सगळं पाणी थेट सरावाला शिट्टी वाजवायला आलेल्या रेफरीच्या कानात. पण हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. बोलता येत नाही म्हटल्यावर ही माणसं बघायला लागली. हा कुठे आहे, तो कुठे धावतोय. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाऊ लागला. असा खेळ आमच्या मैदानाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

काका कठड्यावरून ओरडला, "अरे, डावीकडे—" कोच शांतपणे चालत गेला आणि त्याने पेला काकापुढे धरला. काका माझ्याकडे बघतोय, मी दुसरीकडे बघतेय. शेवटी त्याने घोट घेतला. गाल फुगवून तो उरलेला सराव बघत राहिला. जन्मात पहिल्यांदाच एवढा वेळ त्याला एकही खुसपट काढता आलं नाही. त्याचे डोळे मात्र चेंडूबरोबर असे फिरत होते, की मला बाबा आठवले. मला तिथेच रडू आलं असतं, पण काकाच्या गालांकडे बघून हसू आलं.

सराव संपला. काकाने पाणी थुंकलं आणि लगेच सुरुवात केली. "हे काय, माणूस आहे की नळ? ही काय शिकवायची रीत? आणि चालतो कसा, बघ. आणि ती बॅग! बॅगेचा पट्टाही शिवलेला."

घरी जाऊन मी काकूला सांगितलं. तिने विचारलं, "बॅगेच्या पट्ट्यापर्यंत गेला?"

"हो."

"मग संपलं. ह्या माणसाला त्याच्याशिवाय आता झोप यायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक. आमची बैठक प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत होते. तिथेच जाळ्या, झेंडे आणि ओले मोजे असतात. अध्यक्ष स्वतःच्या खुर्चीवर आपली एक उशी ठेवून बसतात. कोच एका बाजूला, शेजारी मी. सुरुवातीलाच अध्यक्षांनी घसा साफ केला.

"शेठ, मागच्या दोन्ही वेळी तुम्ही इतकं चांगलं सांगितलंत आणि आम्ही तुमचा शब्द मानला नाही. मला फार वाईट वाटलं. तुम्ही पारखी माणूस. ह्या वेळी तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. तुमच्या तोंडून जे निघेल तेच माझं मत, अक्षरशः."

मी काकाच्या पायाला पाय लावला. पण काकाचं लक्षच नव्हतं. तो आधीच रंगात आला होता.

"काय सांगू! गुडघे गेलेत. मॉडेल जुनं, सुटे भाग मिळायचे नाहीत. किती मालकांच्या हातून फिरलाय, देवाला ठाऊक. आवाज नाही, हॉर्नच बसलाय म्हणा. उतारावर नुसतं धापा टाकणं."

"धापा टाकल्या नव्हत्या," मी पुटपुटले.

"तू मध्ये बोलू नकोस, भाषांतर कर. आणि तोंडात पाणी भरायचं म्हणे! उद्या पोरांना सर्दी झाली, तर कुणी निस्तरायचं?"

मी भाषांतर करत होते. कोच मान डोलावत होता, अगदी लक्ष देऊन, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. इकडे बेकरीवाल्यांचा चेहरा एकेका वाक्याला उजळत होता. त्यांनी पोस्टमास्तरांचा गुडघा गच्च धरला होता.

"आणि मिशा! मिशा तरी काय, एक बाजू वर, एक खाली."

"मिशांवर आला," पोस्टमास्तर भारावून कुजबुजले. "एवढं तर स्वतःच्या बायकोबद्दलही बोलला नव्हता." आणि मोठ्याने, "माझा होकार!"

"माझे दोन्ही हात वर!" बेकरीवाले ओरडले.

अध्यक्ष दोघांकडे बघतच राहिले. मग ताठ झाले. "कमाल आहे तुमची! शेठ एवढं जीव तोडून सांगतायत आणि तुम्ही पुन्हा उलट? नाही. माझा नकार. शेठ, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्यांना सांग, आम्ही आभारी आहोत. प्रवासाची तसदी झाली."

मला सांगावंच लागलं. कोच उठला. त्याने कोटाची बटणं लावायला घेतली, एकेक करून, वरपासून खाली. मी काकाकडे पाहिलं. काकाचा रंग उडाला होता. एखादी गाडी हातची जाताना मी त्याला पाहिलंय, तेव्हा तो नुसता चिडतो. हे तसं नव्हतं. त्याला गोदाम दिसत होतं, हे मला स्वच्छ कळलं.

"थांबा, थांबा," काका म्हणाला. "तसं नाही. म्हणजे, अध्यक्ष, माणूस चांगला आहे."

बेकरीवाले दचकले. "शेठ?"

"फार चांगला आहे. उत्तम. त्याच्यासारखा प्रशिक्षक नाही." घाम पुसत काका बोलत होता. "सोनं आहे."

"सोनं?" पोस्टमास्तर उभेच राहिले. "सोनं म्हणालात? मग माझा होकार मागे!"

"माझाही!" बेकरीवाल्यांनी दोन्ही हात खाली घेतले आणि चुकून वर जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर बसले. "एकदम काय आठवलं, शेठ? काही भानगड आहे का माणसाची?"

"अरे, भानगड कसली! मी खरंच चांगला म्हणतोय!"

"तेच तर!"

अध्यक्षांचा चेहरा मात्र खुलला. "अहो, मग माझा होकार! आधीच म्हणायचं ना."

"तुमचा होकार असून काय उपयोग," काका कळवळून म्हणाला, "आता ह्या दोघांचा गेला ना!" आणि त्या दोघांकडे वळून, "अरे, टाकाऊ आहे रे तो! मिशा बघा!"

"असं होय! मग होकार," बेकरीवाले म्हणाले.

"टाकाऊ? मग माझा नकार," अध्यक्ष म्हणाले.

हे किती वेळ चाललं असतं, कोण जाणे. अध्यक्षांची उशी घसरून खाली पडली होती आणि पोस्टमास्तर नकाराचा आणि होकाराचा असे दोन वेगवेगळे हात वापरायला लागले होते. कोच अर्ध्या लावलेल्या बटणांनिशी उभा राहून मला विचारत होता, "आता काय म्हणतायत?" मी सांगत होते, "तुम्ही टाकाऊ आहात. थांबा, उत्तम आहात. नाही, टाकाऊ." शेवटी मीच भडकले. आमच्या घरात मला रागीट म्हणतात, ते काही खोटं नाही.

"काका," मी ओरडले, "तुला हा माणूस हवाय की नको? चांगला-वाईट मरू दे. हवाय की नको?"

पोस्टमास्तरांचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले.

आता 'हवं' हा शब्द काकाच्या धंद्यात नाही. हवं असलेलं हवं म्हणून सांगणारा व्यापारी संपला, असं तो मानतो. हॉटेलात चहा हवा असला, तरी तो "आता दिलाच आहेस, तर ठेव" म्हणतो. काकूलासुद्धा त्याने हा शब्द कधी ऐकवलेला नाही, ती स्वतः सांगते. त्याने शर्टाची कॉलर सैल केली.

"म्हणजे, ठेवून घ्यायला हरकत नाही."

"काका!"

"जागा रिकामीच आहे, तर..."

"काका, मी जाते घरी."

त्याने टेबलाची कड धरली. "हवाय," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की आधी कुणाला कळलंच नाही. मग मोठ्याने, "मला हवाय! हा माणूस मला हवाय. काल पहिल्यांदा वाटलं, की मैदान वाचेल. मला माझे रविवार हवेत."

"शेठ, बरं वाटत नाहीये का?" बेकरीवाल्यांनी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. मला गहिवरून आलं, आणि ते लपवायला मी खाली वाकून अध्यक्षांची उशी उचलली.

चौघांचे हात वर गेले. सगळ्यात आधी अध्यक्षांचा. खरं तर त्यांना अजून काहीच समजलं नव्हतं, पण माणूस मनाने चांगला, हे मी आधीच सांगितलंय.

आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं, की कोचला विचारलेलंच नाही.

तो अजून उभाच होता. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर कुठलाही शहाणा माणूस पुढची गाडी पकडून गेला असता. मी त्याला त्याच्या भाषेत सगळं समजावलं. काकाचा धंदा काय, हवी असलेली वस्तू दिसली की तो काय करतो, नको असली की काय करतो, मिशांपर्यंत जाणं म्हणजे काय, आणि आत्ता तो काय म्हणाला. कोचने मिशांवरून हात फिरवला. काका टेबलाची कड धरूनच उभा होता. जन्मात पहिल्यांदा पारख त्याची होत होती आणि त्याला ते अजिबात सोसत नव्हतं.

कोचने हळूहळू खोलीभर नजर फिरवली. मग एक जाळी उचलून त्याने तिच्या भोकातून हात घातला, अगदी खांद्यापर्यंत.

"ह्याला जाळी म्हणतात?" मी भाषांतर केलं. "ह्यातून चेंडू काय, चेंडू मारणारासुद्धा जाईल, म्हणतायत."

मग त्याने छताकडे बोट दाखवलं. गळतंय. मग मोज्यांकडे, नाक धरून. मैदान एका बाजूला उतरतं, चेंडू ठेवला की आपल्या आपण कोपऱ्यात जाऊन बसतो. एक गोलपोस्ट वाकलाय. गोलकीपर चेंडू आला की डोळे मिटतो. तुमच्या चहाला रंग आहे, चव नाही.

अध्यक्ष लाल झाले. "अहो, हा काय प्रकार! आम्ही काय त्याचे पाय धरलेत? नको असेल, तर सरळ नको म्हण म्हणावं!"

"गप्प बसा हो," बेकरीवाल्यांनी त्यांची बाही ओढली. "रंगात आलाय तो."

कोच आता कोटाची बटणं सोडत होता, आणि बोलत होता. समितीचे लोक एकाच वेळी बोलतात. अध्यक्ष मीटिंगला उशी आणतात. आणि तो कठड्यावरचा माणूस, तो तर सगळ्यात वाईट, ज्याला सांगायचं त्याला सोडून भलत्यालाच सांगतो. हे सांगताना त्याने सरळ काकाकडे बोट दाखवलं.

काकाच्या चेहऱ्यावर एकेका खुसपटासरशी ऊन पडत होतं. डोळे भरून आले होते, आणि तो ते पुसतही नव्हता. कोच खिडकीपाशी गेला, बाहेर मैदानाकडे बघत त्याने हताशपणे डोकं हलवलं आणि नवीन काहीतरी सुरू केलं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर काकाने माझ्याकडे न बघताच माझा हात धरला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "मला कळतंय सगळं."